वीम्स साहेबांची चौथी टाळी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हेलेना गावातल्या काळ्यांच्या चर्चमध्ये लुडेल तीस वर्षं खंजिरी वाजवत होती. एकोणीसशे पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात हार्लन वीम्स नावाचा गोरा तिच्या दारात आला. मेम्फिसच्या एका बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा. वय तिच्या मुलाएवढं, पण बोलणं अगं-तुगंचं.

"तुमच्या चर्चमधला ठेका शिकव मला," म्हणाला आणि त्याने वही काढली. वही पाहूनच तो लुडेलच्या मनातून उतरला. पण गोऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? तिने त्याला मागच्या पायरीवर बसवलं आणि ती मोहरीची पानं निवडू लागली.

"टाळी द्या, साहेब."

त्याने दिली. पहिल्या मात्रेवर, तिसऱ्या मात्रेवर, पलटणीतल्या शिपायासारखी.

"पाय पडतो तिथे हात टाकायचा नाही. पाय पडू द्या, मग हात. दुसरी आणि चौथी."

त्याने ते लिहून घेतलं.

"लिहिताय काय? चाला."

तो अंगणात कोंबड्यांमधून टाळ्या पिटत चालला. लुडेलची धाकटी बहीण ऑर्लीन खिडकीआड तोंड दाबून हसत होती. असे चार मंगळवार तो आला.

हिवाळ्यात तो बँडचं गाणं घेऊन रेडिओवर आला. निवेदकाने विचारलं, हा नवा ठेका सुचला कसा?

"आगगाडीत बसलो होतो," वीम्स म्हणाला, "चाकांच्या आवाजातून सुचला."

ऑर्लीनने इस्त्री आदळली. "ऐकलंस ताई? रेडिओवाल्यांना पत्र लिहू का?"

"गप. वाजू दे."

ही टाळी लुडेलला तिच्या आईने मांडीवर थोपटून शिकवली होती. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग नाक मुरडलं. "चौथी घाईने मारतोय मेला. चोरून नेलं, तेही धड उचलता आलं नाही."

महिन्याभराने वीम्स नव्या गाडीतून उतरला. "बँडवाले म्हणतात, माझी चौथी चुकते. जरा बघतेस, लुडेल?"

तिने जाळीचं दार उघडलं नाही. तो बाहेरच उभा राहून टाळ्या वाजवू लागला. चौथी पुन्हा आधीच पडली.

"अगदी तंतोतंत, साहेब," लुडेल गंभीरपणे म्हणाली. "बँडवाल्यांचे कान तपासून घ्या. तुम्हाला शिकवण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलं नाही."

त्याचा चेहरा खुलला. हॅट उचलून तो निघून गेला.

"अगं, आता जन्मभर तसंच वाजवेल तो," ऑर्लीन म्हणाली.

"वाजवू दे," लुडेल म्हणाली आणि तिने आतून कडी घातली.