जांगडवर आलेला खेळ

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. मी एक जुना टीव्ही गेम आहे. तुमच्या आजच्या खेळांसारखी माझ्यात ना माणसं धावतात, ना गाड्या उडतात. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये टुक-टुक करत फिरणारा एक ठिपका, एवढाच माझा पसारा. पण एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमारास नागपुरात मला पाहायला लोक थांबायचे बरं का! आज मी प्रमोदिनीच्या घरी कपाटावरच्या खोक्यात पडून आहे. माझी तार विटली आहे, बटणं रुतून बसली आहेत. अंगावर मात्र कुठे ओरखडा नाही. कोणी खोका उघडलाच तर म्हणतं, अरे वा, किती जपलंय! ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं, तेच सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. कुठल्या गावचा ते मलाही धड ठाऊक नाही. मग खोका, जहाज, मालगाडी, आणि डोळे उघडले ते थेट नागपूरच्या इतवारी बाजारात, बाबनराव शेटजींच्या पेढीवर. बाबनरावांचा धंदा साड्यांचा. पण पुतण्याने मुंबईहून आणलेल्या चार नव्या चिजा त्यांनी हौसेनं दुकानात मांडल्या होत्या, त्यांत मी. कोणी आलं की ते मला टीव्हीला जोडून दाखवायचे आणि सांगायचे, घरच्या घरी खेळा, गडी नको, मैदान नको, याले कोणीच लागत नाही. हे ऐकून मी असा फुगायचो म्हणता! कोणीच लागत नाही, यापेक्षा मोठं कौतुक ते कोणतं, असं मला तेव्हा वाटायचं.

एक दिवस देवराव साड्या घेऊन पेढीवर आला. महाल वस्तीमागच्या विणकरांच्या गल्लीत त्याचा हातमाग होता. हात असा सफाईचा, की त्याच्या साडीची घडी बाबनराव स्वतः मोडायचे, नोकराला हात लावू द्यायचे नाहीत. साड्या पसंत पडल्या आणि उठता उठता देवरावची नजर माझ्यावर गेली. त्याला एकुलती एक पोरगी, प्रमोदिनी. तिला घरात सगळे पमी म्हणत. ही पमी शाळेतून आली की दप्तर टाकून समोर नत्थूजीच्या ओट्यावर पळायची. नत्थूजी गल्लीतल्या विणकरांना सूत रंगवून देत. त्यांची नात इंदू म्हणजे पमीची जिवाभावाची. दोघी दिवेलागणीपर्यंत चिंचोके टाकून चंफूलचा डाव खेळत बसायच्या. आपली पोरगी सदानकदा दुसऱ्याच्या ओट्यावर, हे देवरावला खुपायचं. आणि खरं सांगायचं तर गल्लीत कोणाकडे नाही अशी एखादी चीज आपल्या घरी असावी, असंही त्याला फार वाटायचं. टीव्ही होताच. कन्हानच्या खाणीत नोकरीला असलेल्या भावाची बदली झाली, तेव्हा तो आपला टीव्ही देवरावकडे ठेवून गेला होता.

तरी देवरावचं मन होईना. घ्यावा की न घ्यावा? पोरीला आवडला नाही तर? बायको बोलली तर? त्याची चुळबुळ बाबनरावांनी ओळखली आणि म्हणाले, जांगडवर घेऊन जा.

जांगड म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. कापडाच्या धंद्यात माल पसंतीसाठी घरी नेता येतो. आवडला तर ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा परत करायचा. पण त्यावर हळदीचं बोट जरी उमटलं, तरी माल घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. देवराव या रिवाजातच वाढला होता. लहानपणी जांगडच्या लुगड्याला हात लावला म्हणून त्यानं बापाचा मार खाल्ला होता. म्हणून तो मला घेऊन निघाला तो सायकलवर टांग न टाकता, दोन्ही हातांनी छातीशी धरून, पायी.

घरी धुतलेल्या धोतरावर मला ठेवलं. शामला, म्हणजे देवरावची बायको, चुलीपुढून उठून आली, मला चहूकडून पाहिलं आणि एवढंच विचारलं, हे आणलं काहून? देवराव म्हणाला, आठ दिवस पाहू, मग ठरवू. पमी तर आनंदानं नाचत होती. तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि माझ्या तारेला लावलेली, रेघ हलवायची मूठ हातात घेतली. पडद्यावर ठिपका उडाला तशी ती अशी किंचाळली, की समोरच्या घरातून इंदू धावत आली. तिच्यामागे गल्लीतली आणखी पोरं.

इंदू सरळ आत आली. गल्लीची रीतच तशी होती. इथे कोणी कोणाच्या घरी विचारून जात नसे. पमीनं दुसरी मूठ तिच्यापुढे केली आणि इंदूनं हात पुढे केला. त्या दिवशी ती आजोबांबरोबर तांबड्या सुताच्या लडी वाळत घालत होती. तिचे हात कोरडे होते, पण तळवे मनगटापर्यंत तांबडे, नखंही तांबडी.

देवरावनं मूठ मधल्या मध्ये ओढून घेतली.

"हात पाहाय आपले कसे हायेत तं," तो म्हणाला. "जांगडची वस्तू हाय. जाय घरी."

इंदूनं हात पाहिले. दोन्ही हात फ्रॉकमागे नेऊन ती मागे सरकत दारापर्यंत गेली आणि मग पळाली. बाकीची पोरं खिडकीशी उभी राहिली, तर देवरावनं खिडकीही लावली. ठिपका टुक-टुक करत राहिला. गडी लागत नाही म्हणून माझी कोण तारीफ व्हायची, आणि आता एवढ्या पोरांना बाहेर काढून मी आत एकटा कौतुक करून घेत होतो. तुम्हाला सांगतो, मला त्या धोतरावर बसवेना.

पुढचे दिवस असेच गेले. पमी शाळेतून यायची, दार लागायचं. पहिल्या दिवशी ती खेळली. दुसऱ्या दिवशीही खेळली. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, तिनं दोन मुठी दोन हातांत धरल्या होत्या. डावा हात इंदूचा, उजवा आपला, असं काहीसं तिचं चाललं होतं. देवरावनं कौतुकानं विचारलं, कोण जिंकलं वं?

"मी जिंकली, बाबा," ती म्हणाली. "पण मंग हरलं कोण?"

देवराव हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. तो मागावर जाऊन बसला. नळावर नत्थूजीच्या घरच्या बायका आताशा आपल्याशी फार बोलत नाहीत, हे शामलानं त्याला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, जांगडची वस्तू आहे, लोकांना समजत नाही काय? शामला म्हणाली, लोकांना जांगड समजते. एवढं बोलून ती भाकरी वाढायला वळली. तरी देवरावनं मनाशी ठरवून टाकलं की मला घ्यायचं. आता परत केला तर गल्ली म्हणेल, झेपला नाही. अडून बसलेल्या माणसाचं असंच असतं.

आणि पाजणीचा दिवस आला.

माग चालण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ लावावी लागते, त्याला पाजणी म्हणतात. हे काम घरात होत नाही. उजाडता उजाडता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा, बांबूच्या घोड्यांवर चढवायचा, आणि ऊन चढायच्या आत दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंच्यांनी खळ फिरवत जायचं. खळ वाळली आणि धागे एकमेकांना चिकटले की ताणा मातीला मिळाला. नवरा-बायकोच्या दोन जोडी हातांचं हे काम नव्हेच. पण या गल्लीत पाजणीला कोणी कोणाला बोलवायला जात नसे. खुंट्या ठोकल्याचा आवाज आला की लोक आपापली दारं उघडून येत.

देवरावनं खळ रात्रीच शिजवून ठेवली होती. सकाळी खुंट्या ठोकायची मोगरी हातात घेऊन तो दारात उभा राहिला. दार सताड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. समोर नत्थूजीचं दार बंद. खुंटी ठोकावी कशी? त्यांच्याच नातीला आपण घालवून दिलं आणि आता त्यांनाच हाक द्यायची? शामला म्हणाली, खळ आंबून राहिली, काय ते करा. त्यानं खुंटी ठोकली, ती इतकी हळू, की कोणाला ऐकू जाऊ नये.

पण ऐकू गेलं. पहिलं दार नत्थूजीचंच उघडलं. ते म्हातारे गृहस्थ धोतराचा काचा मारत आले, ताण्याचं दुसरं टोक धरलं आणि ओढ दिली. मग इकडून एक, तिकडून दोन, बघता बघता गल्ली भरली. देवरावची मान जी खाली गेली ती वर येईना. तो कुंचा फिरवत होता आणि समोरून कुंचा फिरवणाऱ्या नत्थूजीकडे पाहत नव्हता. कोणी टोमणा मारला असता तर त्याला सोपं गेलं असतं. कोणी मारला नाही.

पाजणीत पोरांचंही एक काम असतं. कुंच्यानं एखादा धागा तुटला की बारीक बोटांनी तो पटकन जोडायचा. पोरं ताण्याच्या दोन्ही अंगांना उभी होती. पमी उभी होती. इंदू मात्र आपल्या ओट्याला टेकून उभी, हात पाठीमागे. तिच्या अगदी समोर एक धागा तुटला आणि लोंबू लागला. जवळ दुसरं कोणी नव्हतं. देवरावच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, इंदू, तो धागा जोड वं.

इंदू जागची हलली नाही.

"काका, माहे हात रंगाचे हायेत," ती म्हणाली. "ताणा पांढरा हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला तसं सांगितलं होतं, म्हणून ती तसं वागत होती. पण सगळे कुंचे थांबले. नत्थूजींनी एकदा नातीकडे पाहिलं आणि एकदा देवरावकडे. हात पाहून घालवलं, एवढं पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी स्वतःचे हात पाहिले. ते कोपरापर्यंत तांबडे होते, आणि सकाळपासून त्याच पांढऱ्या ताण्यावरून फिरत होते. ताण्यावर कुठे ठिपकाही नव्हता.

कातडीत मुरलेला पक्का रंग वस्तूला लागत नाही, मित्रांनो. हे तुम्हाला ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. पण देवरावला? त्याचा जन्म त्या रंगात गेला होता. त्याच्या प्रत्येक साडीचे काठ नत्थूजींच्या त्या हातांतून आले होते. इंदूच्या हातांनी मला काही होणार नाही, हे त्याला त्या दिवशीही ठाऊक होतं. जांगडचं निमित्त होतं. माझ्यापुढे उभं राहून त्याला फक्त कोणाला तरी नाही म्हणून पाहायचं होतं. हे त्याला गल्लीच्या मधोमध, सगळ्यांसमोर, कुंचा हातात असताना कळलं. त्याचे कान लाल झाले. तो गेला, वाकला आणि तुटलेला धागा स्वतः जोडायला लागला. पण गाठ बसेना. शेवटी पमीनं येऊन ती मारली.

पाजणी पार पडली. ताणा वाचला. लोक आपापल्या घरी गेले.

संध्याकाळी देवरावनं मला खोक्यात घातलं. मला वाटलं, निघालो इतवारीला परत. पण तो गल्ली ओलांडून नत्थूजीच्या ओट्यावर गेला. नत्थूजी बसले होते. देवराव आत पाहत म्हणाला, इंदू, चाल वं, घरी चाल, पमीसंगं खेळ.

इंदू दारात आली. मला पाहिलं. तिचे डोळे असे चमकले म्हणता! आणि ती म्हणाली, थांबा काका, हात धुऊन येते.

देवराव ओट्यावर उभा होता. आत मोरीवर पाणी पडत होतं. पडतच होतं. साबण घासल्याचा, मग दगड घासल्याचा आवाज येऊ लागला. नत्थूजी खाली मान घालून ऐकत होते. देवरावला पुढे होऊन नको धुऊ म्हणायचं होतं. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तसाच मागे फिरला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. ओले हात त्याच्यासमोर पसरून धरले. घासून घासून ते जास्तच लाल दिसत होते.

"निंगत नाही, काका," ती म्हणाली. "चालते का?"

देवरावनं खोका उघडला आणि मला तिच्या ओल्या हातांत दिलं. मग तो नत्थूजींच्या पायांशी, पायरीवर, मटकन बसला. "आता हा परत नाही जात," एवढंच तो म्हणाला.

असा मी विकत घेतला गेलो. पुढे कितीतरी संध्याकाळी त्या घराचं दार उघडं राहिलं, गल्लीतली सगळी पोरं माझ्यावर तुटून पडली, माझी बटणं त्यांनीच रुतवली. पमी आणि इंदू खेळत खेळत मोठ्या झाल्या, सासरी गेल्या. नवे खेळ आले, मी खोक्यात गेलो. त्याबद्दल माझी कोणावर तक्रार नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर इंदू जेव्हा जेव्हा खेळायला आली, तेव्हा उंबऱ्याबाहेरच्या बादलीत आधी हात धुवायची. तिला कोणी सांगत नव्हतं. शामलानं बादली तिथून उचलली, तर ती घरूनच धुऊन यायला लागली. लग्नानंतर माहेरी आली, पमीच्या मुलाला उचलून घ्यायला वाकली, तेव्हाही आधी पदराला हात पुसले. त्या वेळी तिच्या हातांना रंग राहिला नव्हता. देवराव मागावर बसला होता. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याही घरी नवी, चकचकीत वस्तू येईल. ती पडली तर पडू द्या, डागली तर डागू द्या. वस्तू शेवटी माझ्यासारखी खोक्यातच जाते. पण तिच्यासाठी दारात आलेल्या कोणाचे हात पाहू नका.