आडवा फटका

सुट्टी समुद्रकाठची, पण गोल्फचं ते जुनं मैदान समुद्राकडे पाठ करून वसलेलं. दोन पिढ्यांपूर्वी लावलेली झाडं आता इतकी वाढली होती की प्रत्येक होलचा पट्टा म्हणजे एक हिरवी गल्लीच.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मुलगा आणि माझ्या मुलीची अकरा वर्षांची लेक. तिला मी गावाबाहेरच्या उघड्या माळावर शिकवलं होतं. मोठ्या मैदानावर ती पहिल्यांदाच उतरत होती आणि तिला ते सबंध, अठराही होल, खेळायचं होतं. अर्धं नाही.

खेळाडूंना क्रमाने सोडणारा स्टार्टर मला म्हणाला, "लहान मुलं आली की मागच्यांचा खोळंबा होतो. नववा होल माझ्या खिडकीसमोर संपतो. मागचा गट ताटकळलेला दिसला, तर ज्याच्यामुळे ताटकळला त्याला मी तिथेच बसवतो."

"चालेल," नात म्हणाली. खरं तर त्याने सांगितलं होतं मला.

तिचे फटके जवळच पडायचे, पण सरळ. चेंडू थांबायच्या आत ही निघालेली.

"मॅडम, गाडी पकडायचीय का?" मामाने विचारलं.

"तू बोलत बोलत चालतोस म्हणून मागे पडतोस."

नवव्या होलवर मामा-भाची दोघांचेही चेंडू एका जाडजूड बुंध्याच्या मागे जाऊन बसले. पुढे दोन झाडांमध्ये अरुंद फट, आणि फटीतून थेट खळग्यातला झेंडा दिसत होता.

"मार त्यातून," मामा म्हणाला. "सरळ झेंड्यापाशी."

तिने उकिडवं बसून फट न्याहाळली आणि माझ्याकडे पाहिलं. उत्तर अगदी माझ्या जिभेवर होतं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सुटली नव्हती, तरी.

ती वळली आणि चेंडू आडवा मारला, बाजूच्या मोकळ्या गवतात. झेंडा तसूभरही जवळ आला नाही.

"अगं, झेंडा इकडे आहे."

"माहितीये. झाडीत गेला तर शोधत बसावं लागेल."

मला तिथेच तिची पाठ थोपटावीशी वाटली. खेळ चालू होता म्हणून हात आवरला.

"आता बघ," म्हणत मामाने फटीतून मारला. चेंडू खाडकन खोडावर आपटून झुडपात दिसेनासा झाला. आम्ही तिघं शोधत राहिलो. मागे चौघं काठ्यांवर रेलून उभे राहिले.

"मामा, सोड ना."

"सापडेल गं, नवा कोरा आहे."

नाही सापडला. होल संपवून आम्ही आलो तेव्हा स्टार्टर दारातच उभा होता. त्याने नातीकडे पाहिलं. "मी आधीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला, पण मामाचं नाव तिने घेतलं नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात मुलाने टोपी काढली.

"ती नाही, मी. फटीतून मारायला गेलो."

"तुम्ही?"

"चाळिशी उलटलीय, पण लहान मुलांत धरा."

स्टार्टर हसला, पण नियम नियम होता. त्याने बाकाकडे बोट दाखवलं. मुलगा निमूट जाऊन बसला. त्यालाही मीच शिकवलेलं. गोल्फ फारसा जमला नाही, ते सोडा.

दहाव्या होलवर नातीने चेंडू ठेवला.

"मॅडम, माझ्याही वाटचं खेळा," बाकावरून आवाज आला.

तो गप्प होईपर्यंत ती थांबली. मग झाडांच्या मधोमध, सरळ मारला.