जाळीची चौदा घरं

माप न घेता कात्री चालवणाऱ्याला मी माझ्या कारखान्यात उभं करत नाही. तीस वर्षं कापड बेततेय; माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. तुरुंगातून सुटलेल्या बायकांना सहा महिने शिवणकाम देऊन घरी परतायला मदत करणारी एक संस्था आहे. तिच्याकडूनच मौनी आमच्याकडे आली. बारा वर्षं आत काढलेली, विचारलं तरच बोलणारी.

तिचे सहा महिने शनिवारी संपत होते. लेक घरी नेते म्हणाली तर घर, नाहीतर संस्थेचं वसतिगृह. लेक अठराची. दोन वर्षं तिने भेटीला येणंही सोडलं होतं. आणि शुक्रवारी बघते तर काय, मौनी निळं लोकरी कापड कापून मोकळी!

“कुणाचा कोट?”

“लेकीचा.”

“माप कुठंय? डोक्यात?” माझा पारा चढला. “खांदा चुकला की कोट गेला, एवढंही कळत नाही?”

ती टाके घालत राहिली.

शनिवारी लेक आली ती दारातच थांबली. “मी फक्त वसतिगृहाच्या कागदावर सही करायला आलेय.”

मौनीने कोट पुढे धरला. पोरीने नाइलाजाने घातला. सवयीने मी खांदा चाचपला आणि माझी मतीच गुंग झाली. सुतभर इकडे नाही की तिकडे नाही.

“अगं, माप घेतलंस कधी?”

“भेटीच्या खोलीत. ही जाळीपलीकडे टेकून उभी राहायची. मी जाळीची घरं मोजायची. एक घर म्हणजे माझ्या करंगळीचं पेर. पहिल्या वर्षी खांदे दहा घरं होते, शेवटच्या भेटीला चौदा. पुढचं अर्धं अंदाजाने वाढवलं.”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पोरीचा चेहरा मात्र उतरला. “तू माझ्या तोंडाकडे कधी बघायचीच नाहीस. म्हणून मी यायचं सोडलं.”

“तोंडाकडे बघितलं असतं तर रडले असते,” मौनी म्हणाली. “मोजायचं राहिलं असतं.”

पोरीने कोटाची बटणं एकेक करून लावली. मग म्हणाली, “डावी बाही लांब झालीये. आजीचं मशीन घरी पडून आहे. तिथे कमी करून दे.”

मौनीने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी बाही पाहिली. मनगटावर अगदी बरोबर बसली होती.

“हो, लांबच झालीये,” मी म्हणाले. मापाबद्दल मी तीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं बोलले.