डावी मोहरी

मी एक जुनी राखाडी फुलपँट आहे. मित्रांनो, रत्नप्रभा गेल्याचे कळले त्या सकाळी मी तिच्या मुलाच्या, बाळाच्या, अंगावर होते. माझी उजवी मोहरी शिवलेली होती. डावी जमिनीवर लोळत होती आणि तिच्यात दोऱ्यासकट सुई टोचून ठेवलेली होती.

बाळाला त्या दिवशी ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात इंटरव्ह्यूला जायचे होते. आदल्या संध्याकाळी रत्नप्रभाच्या छातीत दुखू लागले. तिचा नवरा दशरथ तिला इस्पितळात घेऊन निघाला, तेव्हा ती बाळाला म्हणाली, "तू येऊ नको रे. उद्या जायचंय ना? सकाळी येऊन डावी शिवते."

सकाळी दशरथ एकटाच आला. बाळा आईची वाट बघत मला घालून स्टुलाजवळ उभा होता. दशरथने माझ्या लोळणाऱ्या मोहरीकडे पाहिले आणि म्हणाला, "काढून ठेव ती. आई गेली."

माझे कापड दशरथच्याच गिरणीचे. पण मी शिवली गेले ती गिरणीचा संप झाल्यावर, फाटक त्याला कायमचे बंद झाले तेव्हा. तोपर्यंत त्याने आयुष्यात लेंगाच घातला होता. "लेंगा घालून कोण कामाला ठेवील तुम्हाला?" असे म्हणून रत्नप्रभाने त्याला घाटकोपरातल्या सीताराम शिंप्याकडे नेले. दशरथ उंच. तरी तिने सीतारामला सांगितले, "खाली चार बोटं कापड आत ठेवा. कोणाच्याही उपयोगाला येईल."

मला घालून दशरथ गोरेगावला गेला आणि एका स्टुडिओच्या फाटकावर दरवान म्हणून लागला. तिथे खाकी कपडे मिळाले. मी मोकळी झाले आणि आमच्या सगळ्या चाळीची झाले. ज्याला कॉल येई तो आदल्या दिवशी रत्नप्रभाच्या दारात उभा राही. "काकी, इंटरव्ह्यूची पँट आहे ना?"

ती त्याच्या मापाने माझी उजवी मोहरी रात्रीच शिवी. डावी मात्र सकाळी, त्याला स्टुलावर उभे करून, त्याच्या अंगावर. अंगावरचे कापड शिवताना घालणाऱ्याने तोंडात काडी धरायची, अशी त्यांच्या गावची रीत. रत्नप्रभा काडी देत नसे. गुळाबरोबर गुंडाळलेली अख्खी भाकरी तोंडात कोंबी. इंटरव्ह्यूच्या धास्तीने पोरे उपाशीच पळतात, हे तिला ठाऊक होते. सुई पायाशी असल्यावर पळणार कुठे?

चाळीतला मधुकर बुटका. एकदा तो तोंडात भाकरी घेऊनच ओरडला, "काकी, किती वर घेतेस? साहेब विचारेल, चाळीत पाणी भरलंय काय?"

"मेल्या, आधी गीळ! घास घशात अडकला तर इंटरव्ह्यू वर द्यावा लागेल," ती म्हणाली, आणि तिने आणखी दोन टाके सावकाश घातले.

मधुकर नोकरीला लागला. आणखी काही लागले, काही नाही लागले. सगळे मला धुऊन परत आणीत. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे.

बाळाचा इंटरव्ह्यू तर हुकला. पण त्याच कारखान्यात कामाला असलेल्या शेजारच्या भाऊरावांनी साहेबांना सांगून तेरावे झाल्यानंतरची तारीख मिळवली. "आता चुकवू नको रे बाबा," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही बोलावणार ते." बाळाला दोन वर्षे काम नव्हते, त्यामुळे हे सांगायची गरजही नव्हती.

भाऊरावांची मुलगी लता मला न्यायला आली. "काका, द्या, मी शिवते. पाच मिनिटांचं काम."

"रवांदे गो, राहू दे तशीच," दशरथ म्हणाला. "ती सुई तिने लावलीय."

लता निघून गेली. बाळा मात्र चिडला. "मग मी काय एक पाय लोळवत जाऊ? आईने पाठवलं असतं मला असं?"

दशरथ स्टूल पुढे ओढून म्हणाला, "उभा रहा."

बाळाने मला घातले. दशरथ खाली बसला. त्याने मोहरी दुमडली, सुईपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. दोन-तीनदा तसेच झाले. शेवटी त्याने रत्नप्रभाच्या बांगडीत असायची ती सेफ्टी पिन आणली आणि दुमड पिनेने टाचली. सुई होती तिथेच, दुमडीच्या आत राहिली. मग त्याला आठवले. तो उठला, डब्यातून भाकरी काढून बाळाच्या तोंडात दिली. गूळ द्यायचा राहिला. बाळा कोरडी भाकरी चावत रडत होता. दशरथ म्हणाला, "आधी गीळ."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. ते बाळाच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिले. "कोण गेलं?" त्यांनी विचारले. "आई," बाळा म्हणाला. मग त्यांनी कामाचे विचारले. बाळाने नीट उत्तरे दिली. महिन्याच्या आत त्याला नोकरी लागली आणि पुढे त्याने स्वतःची पँट शिवून घेतली.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे आनंदाने संपायला हवी होती. पण पावसाळ्यानंतर समोरचा नंदू दारात आला. त्याला मुलुंडला बोलावले होते. "काका, इंटरव्ह्यूची पँट..."

"नाही," दशरथ म्हणाला, आणि दार लोटून घेतले. नंदू भावाची पँट घालून गेला. ती कमरेला सैल होती. वर धरून धरून चालत गेला म्हणे. त्यानंतर कोणी मागायला आले नाही.

मी आता खुंटीला आहे. दशरथ मला झटकतो, घडी मोडू देत नाही, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला खिशात घालतो. इतके मला कोणीच जपले नव्हते. पण पँट जपायची ती कोणाच्या तरी पायांत. गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला तिचे काम करू द्या. ते माणूस तिच्याकडून जे काम घेत होते तेच.

पिनेचा गंज माझ्या कापडात उतरला आहे. सुई आत आहे. डावी मोहरी अजून शिवायची राहिली आहे.