लांब्याशिवाय

आमचा घोडा लांब्या लंगडतोय हे मला ताईच्या तोंडावरूनच कळलं. शर्यतीच्या मध्यावर घोडे तपासतात त्या मैदानात एरवी माझी ही थोरली बहीण शिरते तीच आरडाओरडा करत. आज ती खाली उतरली, घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला आणि गप्प उभी राहिली.

तिच्या मागोमाग माझी अकरा वर्षांची ठकी म्हातारीवर बसून आली. म्हातारी म्हणजे आमची घोडी, वयानंही म्हातारी आणि खोडीनंही. निम्मी शर्यत संपली होती. ठकीच्या चेहऱ्यावर धुळीचा थर होता आणि त्याखाली आनंद मावत नव्हता.

"बाबा, ही दमलीच नाहीये!"

मी बादली उचलली आणि म्हातारीच्या मानेवर पाणी ओतायला लागलो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत माझं काम एवढंच. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. घोड्यावर जन्मात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा माझ्या इच्छेआधीच उतरलो.

घोडे तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी लांब्याला पळवून बघितलं आणि मान हलवली. "मागचा पाय दुखावलाय. याची शर्यत संपली." मग म्हातारीच्या छातीला नळी लावून ऐकत राहिल्या. "हिचं काळीज तर तरण्या घोडीचं आहे. जाऊ दे हिला."

जाऊ दे म्हणे! जायचं कुणाबरोबर? मुलांना एकटं सोडत नाहीत. शेजारी मोठं माणूस घोड्यावर हवं, हा नियम. आणि म्हातारीचं हे शेवटचं वर्ष; पुढच्या वर्षी तिला एवढं पळवायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. तिच्यासोबत एकदा तरी पूर्ण पल्ला गाठायचा, एवढाच ठकीचा ध्यास. गेल्या वर्षी ऐन वेळी पोरगी तापानं फणफणली आणि राहिलं.

मी मैदानभर प्रत्येक स्वारापुढे हात जोडत फिरलो. "अहो, आम्हाला नंबरात यायचंय," एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तर उत्तर द्यायचीही तसदी घेतली नाही. शेवटी आमच्या गल्लीतले बेकरीवाले काका आपल्या घोड्यावर डुलत डुलत आले. मी बोलायच्या आत म्हणाले, "चल गं पोरी. मी तसाही शेवटून पहिलाच येणार आहे." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दोघं निघाली. मैदानाच्या फाटकापर्यंत म्हातारी झोकात गेली. तिथं थबकली, वळून बघितलं आणि किंचाळल्यासारखी खिंकाळली. घोडे आणलेल्या आमच्या गाडीपाशी बांधलेल्या लांब्यानं लगेच उत्तर दिलं.

झालं. म्हातारी जागची हलेना.

ताई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "तरी मी म्हणत होते..." असं ती नेहमी म्हणते, पण आज म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ठकीला सोबत लागणारच, म्हणून या दोघांची जोडी कधी फुटू द्यायची नाही, हे आम्हीच ठरवलेलं. चरायला एकत्र, सरावाला एकत्र. तबेल्यातली मधली फळीसुद्धा काढून टाकली. एकाच गव्हाणीत तोंडं घालून खायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि आम्ही फुशारून जायचो.

ठकीनं टाचा दिल्या, गोंजारलं, रागावली, कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. काकांनी आपला घोडा पुढे नेऊन बघितला. म्हातारी चार पावलं जायची आणि गर्रकन वळायची. मला राहवेना. मी धावत गेलो आणि लगामाला हात घालणार, एवढ्यात फाटकावरचा पंच ओरडला, "साहेब, बाहेरच्या माणसानं हात लावला तर मुलगी बाद!"

माझा हात तसाच हवेत राहिला. पोटची पोर हाताच्या अंतरावर रडकुंडीला आलेली, आणि मी खांबासारखा उभा. यंत्र असतं तर खोललं असतं. हिचं काय खोलू?

काका सारखे पुढच्या रस्त्याकडे बघत होते. उशीर झाला तर तेही बाद होणार होते. ठकीनं ते पाहिलं.

"काका, तुम्ही जा," ती म्हणाली.

"थांबतो की थोडं."

"नको. जा तुम्ही."

ते गेले. ठकी खाली उतरली आणि म्हातारीला घेऊन परत निघाली. परत येताना ती घोडी अशी लगबगीनं चालली की पोरीला धावावं लागलं. लांब्याच्या मानेवर मान टाकून ती शांत उभी राहिली. डॉक्टरबाईंनी पुन्हा नळी लावली.

"ठणठणीत आहे. आरामात पोचली असती," त्या म्हणाल्या.

ताईनं तोंड फिरवलं. ठकी रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. ती खोगिराचे पट्टे सोडत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तिला पाणी दे. तेवढं येतं ना तुला?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी बादली भरून आणली आणि म्हातारीपुढे धरली.