पट्टीवरचं नाव

धामणगाव बढ्याहून मोताळ्याला निघालेल्या देवानंदच्या जीपमध्ये बेबीताईनं आज पुढची सीट धरली होती. शेजारी तिची विहीण, शालूबाई. बेबीताईची लेक मंजुश्री हिच्याच घरात नांदायची. "तुही माय रेडिओत गाते म्हणे! आमची म्हैस बी गाते," हा सासूचा टोमणा लेकीनं फोनवर सांगितला, तेव्हापासून बेबीताईच्या जिवात काटा रुतून बसला होता.

आज तिची ओवी लागणार होती. रेडिओवाली पोरगी म्हणाली होती, गाडीतल्या रेडिओच्या पट्टीवर नावही येईल.

"डोळ्यानं पाहीन तव्हाच मानीन," शालूबाईनं बजावलं होतं.

देवानंदनं रेडिओ लावला. रेडिओच्या कपाळावर निळी पट्टी उजळली.

"काय आलं रे?"

"पाण्याचा."

"माहं नाव पाण्याचा काऊन?"

"थांब ना मावशी! इंग्रजी अक्षरं हायेत, एका खेपेला आठच मावतात. हे पाह्य... 'पंप'... 'घ्या'... 'पाईप'... 'फुकट'." देवानंद चिडला. "ही जागा स्टेशनच्या नावाची. नाव तेवढं थिर राहावं इथं. पण यायनं बाजार भरवला!"

"तू रस्त्याकडं पाह्य बे!" मागच्या सीटवर बसलेला गावचा इंद्रभान ओरडला.

करकचून ब्रेक लागला. समोर म्हैस उभी होती, नवरीसारखी, कसलीच घाई नसलेली.

"हे आमची नाई," शालूबाई म्हणाली. "आमची यावख्ती गात असंन."

सगळी जीप हसली. एवढ्यात ओवी सुरू झाली. पण ऐकतो कोण? सगळ्या माना पट्टीकडे. 'फवारणी'... 'साड्या'... 'आजच या'... बेबीताईचा गळा रेडिओत गात होता. तिनं पदर ओढला आणि पट्टीवर टाकला.

"आता आइका."

*वाटंवरच्या बाभळीले*
*पिवळं पिवळं फूल,*
*बेबी म्हणे, शालू इहीन,*
*तुह्या घरी माहं मूल.*



"माहं नाव घातलं?" शालूबाईनं हळूच विचारलं.

"घाला लागते. आपलं घ्यावं, अन् जिच्यासाठी गावं तिचं बी घ्यावं. माह्या मायनं असंच शिकवलं."

शालूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुनेले सांगून आली होती मी. रेडिओ लावून बस म्हटलं, काम राहू दे."

"म्हंजे तुले खरं वाटत होतं?"

"म्हैस काय ओव्या गाते, बाई?"

बेबीताईनं डोळे पुसायला पदर उचलला. रेडिओवर एक माणूस जोरजोरात पंपाची जाहिरात करत होता, आणि पट्टीवर आता कुठं अक्षरं थिरावली होती.

"मावशी! नाव आलं! 'बेबीताई'!" देवानंद किंचाळला.

शालूबाईनं पट्टी पाहिली, जाहिरात ऐकली आणि विहिणीला कोपरानं ढोसलं.

"काय वो इहीनबाई, आता पंप बी इकतं काय?"