माझूआईचा कौल

मी एक जुनी जोडी आहे, कौल लावायची. चीनमधल्या छ्वानचौ शहरात समुद्राची देवी माझू हिच्या देवळात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, एका कारागिराने बांबूचं मूळ चंद्रकोरीसारखं कोरलं, मधोमध चिरलं आणि माझे दोन भाग केले. प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. देवीला प्रश्न विचारून मला जमिनीवर टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली, तर होकार. दोन्ही फुगीर आल्या, तर नकार. दोन्ही सपाट आल्या, की देवी हसली म्हणतात; मग नीट सांगून पुन्हा विचारायचं. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात.

नावाड्यांच्या बायका मला कपाळाला लावत. त्यांच्या हातांनीच मी गुळगुळीत झाले. पुढे माझा टवका उडाला, लाल प्लास्टिकच्या जोड्या आल्या आणि देऊळ सांभाळणाऱ्या त्साईकाकांनी मला खणात ठेवलं. उदबत्तीचा वास तिथेही यायचा, एवढाच आधार.

एका सकाळी शूयिन आपल्या आईला, बाओजूला घेऊन आली. बाओजूच्या पित्ताशयात खडे झाले होते. आता थांबणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण देवीने हो म्हटल्याशिवाय म्हातारी ऑपरेशनला तयार नव्हती. प्लास्टिकची जोडी तिने बाजूला सारली.

"ही खेळणी नकोत. शूयिनच्या लग्नाचं मी बांबूच्या जोडीलाच विचारलं होतं."

त्या लग्नाचं पुढे काय झालं, ते देवीला आठवत असेलच, असं शूयिन पुटपुटली. त्साईकाकांनी हसू दाबत मला खणातून काढलं.

बाओजूने मला टाकलं. देवी हसली. पुन्हा टाकलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. म्हातारी उठायलाच लागली. देवीलाही हसू येतंय, चल घरी, म्हणाली. मी काय करणार? स्वतःहून कूस बदलणं माझ्या हाती नाही. शूयिनचे डोळे भरून आले. ती आईशेजारी गुडघे टेकून बसली.

"आई, देवीला पत्ता कुठला सांगितलास?"

नाव आणि राहायचं ठिकाण सांगितल्याशिवाय आमच्याकडे कौल लावत नाहीत.

"आपलाच की. शिंपल्यांच्या गल्लीतला."

"अगं, ती गल्ली कधीच पाडली. माझूआई तुला तिथे शोधत असेल."

बाओजूने मान वर करून देवीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अठरावा मजला सांगू? एवढ्या उंच येईल ती?"

"लिफ्ट आहे, आई."

म्हातारीने इमारतीच्या नावासकट नवा पत्ता सांगितला. मी पडले: होकार. पुन्हा होकार. तिसराही होकारच. बाओजूने असा श्वास सोडला, की जणू खडे तिथेच गळून पडले. शूयिन मात्र मला ओंजळीत धरून कितीतरी वेळ रडत राहिली.

ऑपरेशननंतर महिन्याभराने बाओजू स्वतःच्या पायांनी चालत आली, थोडी वाळलेली, हातात शेवया आणि संत्री. शूयिन मागून ओरडत होती, सावकाश चाल म्हणून.

आता मी देवीपुढच्या मेजावरच असते. मित्रांनो, मला अलगद टाका, एवढं मागणं आहेच. पण तुमच्या घरचं म्हातारं माणूस देवापुढे बसलं, तर दारात चपला घालून घाई करू नका. जरा शेजारी टेका, काय पुटपुटतंय ते ऐका. शूयिनने ऐकलं नसतं, तर त्या दिवशी मी नुसती हसतच राहिले असते.